मेधाचं बालीतलं घर

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा असा फोन आला, तेव्हा संपादकांना माझ्याकडून गमतीजमती हव्या होत्या. "ताई, तुमचे एकेक कस्टमर म्हणजे नग, त्यांच्यावरच लिहा ना," असं ते म्हणाले. नग होते, खोटं कशाला बोलू? मिशिगनमधल्या ट्रॉय, नोव्हाय आणि आसपासच्या गावांत घरं विकण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आणि त्यातली बहुतेक घरं मी आपल्याच लोकांना विकली. पण ज्या घराबद्दल आज लिहिणार आहे ते मी विकलेलं नाही. ते मिशिगनमध्ये नाही, अमेरिकेतही नाही. ते इंडोनेशियातल्या एका खेड्यात आहे आणि त्याची आठवण आली की मला अजून संताप येतो. गमती हव्या असतील त्यांनी पान उलटावं.

ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रिअल्टर म्हणजे घर दाखवणारी बाई, असा समज आहे. घर काय, कुणीही दाखवील, किल्ली असली की झालं. खरं काम त्याच्या पुढचं. घरात काय बिघडलेलं आहे आणि घेणाऱ्याच्या डोक्यात काय बिघडलेलं आहे, हे दोन्ही ओळखायचं. पहिल्यासाठी इन्स्पेक्टर असतो. तो छतावर चढतो, घर तापवणारी फर्नेस उघडून बघतो, तळघराच्या भिंतींना ओल आहे का ते तपासतो. दुसऱ्यासाठी कुणी नसतं, ते आमच्यावर येतं. शेवटी सगळे एका टेबलाभोवती बसून कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करतात, त्याला क्लोजिंग म्हणतात. त्यानंतर घर तुमचं.

आपल्या माणसाला घरात नेलं की तो स्वयंपाकघर बघत नाही, आधी फोनवरचं होकायंत्र उघडतो. दाराच्या उंबऱ्यावर उभा राहून असा गोल फिरतो की शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्या पडदा सारून बघतात. एक गृहस्थ प्रत्येक बेडरूममध्ये जमिनीवर आडवे होऊन डोकं कुठल्या दिशेला येतं ते बघायचे. एका बाईंनी पुण्याच्या वास्तुतज्ज्ञांना व्हिडिओ कॉलवर घेऊन अख्खं घर फिरवलं आणि त्यांनी गॅरेजला स्वयंपाकघर समजून नापास केलं. दक्षिणमुखी घरं तर मी आपल्या लोकांना दाखवायचीच सोडून दिली होती. तीच घरं कोरियन कुटुंबं हसत घ्यायची आणि त्यांची मुलं पुढं डॉक्टर व्हायची. मी कधी वाद घातला नाही. ज्याला घरात राहायचं आहे त्याला तिथं झोप लागली पाहिजे, एवढंच माझं शास्त्र.

अविनाश आणि मेधा ह्यांना नोव्हायमधलं घर मीच मिळवून दिलं होतं. अविनाश मूळचा नागपूरचा, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. मेधा मुंबईची. घर घेताना अविनाशनं मला आणि इन्स्पेक्टरला रडवलं होतं. तळघरातल्या एका तड्यासाठी त्यानं दुसरा इन्स्पेक्टर आणला, मग तिसरा. इतका चोखंदळ माणूस मी क्वचित बघितला. मेधानं त्या तळघरात पुढं मराठी शाळा चालवली. रविवारी सकाळी पोरं जिन्यावरून धडधडत खाली उतरायची आणि वर अविनाश पोहे करायचा. त्यांची मुलगी सई तिथंच वाढली, मग नोकरीसाठी सिअ‍ॅटलला गेली. मेधानं मागच्या अंगणात कढीपत्ता कुंडीत लावला होता, थंडी आली की तो आत, उन्हाळा आला की बाहेर. हे सगळं मुद्दाम सांगते, कारण पुढं तिच्या हातून काय गेलं ते कळायला हवं.

दोन-चार वर्षांपूर्वी अविनाशच्या कंपनीनं त्याचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं. साठीच्या अलीकडं आलेल्या माणसाला पुन्हा इंटरव्ह्यू द्यायला बसवणं म्हणजे काय असतं, ते बाहेरच्यांना कळत नाही. समोर सईच्या वयाची पोरं बसून "टेल मी अबाउट युवरसेल्फ" विचारतात. अविनाश काही महिने हे करत राहिला, मग त्यानं करणं बंद केलं आणि दिवसभर फोन बघत बसायला लागला. त्या फोनमध्येच त्याला बाली सापडलं.

न्यू जर्सीचे एक सल्लागार दर रविवारी ऑनलाइन सेमिनार घ्यायचे. बालीच्या दक्षिण किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी झाली आहे, आता उत्तरेकडं चला, असं त्यांचं म्हणणं. डोंगरउतारावरची छोटी खेडी, भाताची शेतं, वर ज्वालामुखी, खाली समुद्र. तिकडे विमानतळ येणार, भाव चढणार, आज घ्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथले लोक हिंदू. दारोदारी गणपती. अमेरिकेत म्हातारपणी कोण विचारतंय, भारतात परत जावं तर तिथं आता आपलं कोण उरलंय, मग हे बघा, मधल्या वाटेवरचं आपलंच गाव. अशा बोलण्याला माणूस भुलतो. मीही तो व्हिडिओ बघितला आणि क्षणभर मलाही वाटलं, काय हरकत आहे?

पण मी धंद्यातली. अविनाशनं घर विकायला काढायचं म्हणून बोलावलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, जमीन कुणाच्या नावावर होणार? तो म्हणाला, परदेशी माणसाला तिथं जमीन विकत मिळत नाही, भाडेपट्टा मिळतो, पंचवीस वर्षांचा, पुढं वाढवता येतो. मी म्हटलं, अरे म्हणजे तू भाडेकरू. आपल्या पैशानं दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधणारा भाडेकरू. हे घर विकू नकोस, वर्षभर भाड्यानं दे, तिकडं जाऊन राहून बघ आणि मग ठरव. तर म्हणाला की बांधायला हेच पैसे लागणार. वर म्हणाला, "ताई, तुम्ही प्रत्येक गोष्टीत प्रॉब्लेम काढता. ती आपलीच माणसं आहेत. त्यांच्याकडे रामायण आहे."

तळघरातल्या एका तड्यासाठी तीन इन्स्पेक्टर आणणारा माणूस हे बोलत होता. मेधा ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "मला कोणी विचारलंय का, जायचंय का म्हणून?" अविनाश तिला म्हणाला, अगं, आपण बोललोय ना ह्यावर. ती म्हणाली, "तू बोललास. मी ऐकलं."

तरी ती क्लोजिंगला आली. नोव्हायचं घर दोघांच्या नावावर होतं, तिच्या सहीशिवाय विकलंच जाणार नव्हतं. मी तिला बाजूला घेऊन विचारलं की मनात नसेल तर आत्ता सांग, टेबलावर बसल्यावर उशीर होईल. मेधा म्हणाली की रोज सकाळी उठून नवऱ्याचं ते तोंड बघायचं तिच्यानं होत नाही. तिकडं जाऊन तो हसणार असेल तर जाऊ दे घर. तिनं प्रत्येक कागदावर सुवाच्य सही केली. मी माझं काम केलं, माझं कमिशन घेतलं, आणि त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

पुढचं काही मला मेधाच्या फोनवरून कळलं, काही नंतर डोळ्यांनी बघितलं. प्लॉट गावाच्या वरच्या टोकाला होता. मालक राहायचा शहरात, त्याला गावाशी घेणंदेणं नव्हतं. बांधकाम करणारा केतुत नावाचा गावातलाच मिस्त्री होता. अविनाशनं पुण्याहून नकाशा करून घेतला होता, तो केतुतनं उलटसुलट करून बघितला. दक्षिणेच्या भिंतीला लागून संडास-बाथरूम, बाहेर मैल्याची टाकी, आणि ईशान्येला देवघर. केतुत म्हणाला, "नंतर बघू." दुसऱ्या दिवशीही म्हणाला, नंतर बघू. तिथले लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत, नंतर म्हणतात. अविनाशला वाटलं, आळशी आहे. त्यानं दुसऱ्या बेटावरून मजूर आणले आणि घर उभं केलं. सत्यनारायण लॅपटॉपवर झाला, गुरुजी डोंबिवलीहून. प्रसादाला गावातलं कुणी आलं नाही.

त्या हिवाळ्यात मी भाचीच्या लग्नाला नाशिकला गेले होते. तिथं मेधाचा फोन आला. "ताई, तुम्ही याल का? तुम्हाला घरातलं कळतं," एवढंच बोलली. परत येताना मी वाट वाकडी करून बालीला गेले.

गाव सुंदर होतं, ह्यात खोटं काही नव्हतं. सकाळी बायका नारळाच्या कोवळ्या पानांच्या इवल्याशा द्रोणात फुलं आणि भात घालून प्रत्येक दारासमोर ठेवायच्या. वरच्या झऱ्याचं पाणी पाटातून शेताशेतांत फिरायचं आणि कुणाला किती वेळ ते गाव ठरवायचं. पण मी धंद्याच्या नजरेनं बघत होते. रस्त्याकडेच्या दर चार शेतांमागे एकावर इंग्रजीत भाड्यानं देण्याची पाटी होती. अर्धवट बांधलेल्या बंगल्यांच्या खिडक्यांतून झाडं वाढली होती. तरुण पोरं दक्षिणेकडच्या हॉटेलांत कामाला गेलेली, आणि म्हातारे ज्या शेताचे मालक होते त्याच शेतावर परदेशी माणसाचे माळी झालेले. विमानतळाचं नाव काढलं की लोक हसायचे. ज्या दराला अविनाशनं पट्टा घेतला होता, त्याच्या निम्म्यालाही तिथं गिऱ्हाईक नव्हतं.

आणि ह्या दोघांशी गाव बोलत नव्हतं. त्यांच्याशी जो बोलेल त्याला दंड. झऱ्याच्या पाण्याची जोडणी काढून घेतली होती, पाणी लांबून टँकरनं यायचं. दुकानदार त्यांना भाजी देत नव्हता. मेधाला सगळ्यात जास्त लागलं होतं ते शेजारच्या मादेचं. मादे तिच्याच वयाची. सुरुवातीला तिनं मेधाला द्रोण विणायला शिकवलं होतं, दोघी एकमेकींची भाषा न कळता तासन्‌तास पायरीवर बसायच्या. आता मादे मान खाली घालून पुढून निघून जायची. "इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी भेटलं होतं, मंडळाची किंवा शाळेची म्हणून नाही," असं मेधा मला म्हणाली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं उगाच भांडी घासली.

गावाचे प्रमुख निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना पाक गुरू म्हणायचे. त्यांना इंग्रजी येत होतं, आणि प्रमुख म्हणून आमच्याशी बोलायची मुभाही होती. मी मेधाला घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी आम्हाला कॉफी दिली आणि फार शांतपणे समजावलं. बालीत उत्तर-दक्षिण चालत नाही, डोंगर आणि समुद्र चालतो. देव डोंगरावर राहतात, तिकडची बाजू पवित्र. समुद्राकडची बाजू अपवित्राची, स्मशान तिकडं. बेटाच्या उत्तर भागात हे गाव, म्हणून डोंगर दक्षिणेला. गावाचं देऊळही अविनाशच्या घराच्या मागं, दक्षिणेला. उत्सवात देव ज्या वाटेनं खाली येतात त्या वाटेला लागून अविनाशची मैल्याची टाकी होती.

"तुमचं देवघर स्मशानाच्या दिशेला आहे आणि तुमचा संडास आमच्या देवांच्या डोक्याशी," पाक गुरू म्हणाले. "रागावलेलो नाही. पण गाव आजारी पडलं तर लोक माझ्याकडं येतील."

होकायंत्र अगदी बरोबर होतं. अविनाश एक अंशही चुकला नव्हता. आपलीच माणसं म्हणून तो गेला होता आणि आपल्या माणसांना त्यांचा देव कुठं राहतो एवढंही विचारलं नव्हतं.

उपाय त्यांनीच सांगितला. संडास आणि टाकी पाडायची, समुद्राच्या बाजूला हलवायची. गाव शुद्धीची पूजा करील, गावातलीच माणसं येऊन काम करतील, आणि मग तुम्ही आमचे. इतकं सोपं. मेधाच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला. परत येताना वाटेत ती म्हणाली की पूजेच्या दिवशी मादेला विचारून तिच्यासारखंच लुगडं नेसेन.

अविनाशनं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. मी विचारलं, का?

"समुद्राची मोकळी बाजू म्हणजे ईशान्य, ताई. नोव्हायच्या घरात ईशान्येला पावडर रूम होती. तिनं माझी नोकरी खाल्ली. परत तेच करू?"

"अविनाश, तुझ्याबरोबर अख्खं डिपार्टमेंट गेलं. सगळ्यांच्या घरी ईशान्येला संडास होता का?"

"सगळ्यांचं मला माहीत नाही. माझ्या घरी होता."

तो ओरडून बोलला असता तर मी भांडले असते. तो फार हळू बोलला. नोकरी जाण्याला त्याला कुठलंतरी कारण हवं होतं, ज्याची काही दुरुस्ती होऊ शकते असं कारण, आणि ते त्याच्या हातात सापडलं होतं. ते सोडलं तर मागं उरत होतं ते एवढंच की तो कुणाला नको होता. मला त्याची कीव आली आणि रागही आला. कीव मी गिळून टाकली, राग अजून आहे. कारण त्याच्या ह्या एका कारणाची किंमत मेधा भरत होती.

मेधानं मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. सकाळी एकटीच पाक गुरूंकडे जाऊन सांगितलं, पाडा. दुसऱ्या दिवशी माणसं पहारी-फावडी घेऊन आली, केतुत होता, मादेचा नवरा होता, मागं मादेही होती. अविनाश दक्षिणेच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसला. तो उठेना. माणसं थांबली. पाक गुरूंनी दोघांकडं बघितलं आणि मेधाला विचारलं, "जमिनीच्या कागदावर कुणाची सही आहे?"

मेधानं माझ्याकडं बघितलं. कागद मी आदल्या संध्याकाळी वाचले होते. पट्टा करायला अविनाश पहिल्यांदा एकटा आला होता, बायकोचं नाव नंतर घालू असं ठरलं होतं, आणि ते राहून गेलं होतं. मी मान हलवली. मेधा म्हणाली, "ह्यांची." पाक गुरूंनी हात जोडले. मग आम्हाला हात लावता येत नाही, असं म्हणून ते वळले आणि त्यांच्यामागं सगळे गेले. मादे कोपऱ्यापर्यंत मागं वळून बघत होती. ती बोलली असती तर दंड तिला होता, म्हणून बोलली नाही.

मेधा माझ्याबरोबरच निघाली. अविनाशनं तिची बॅग गाडीत ठेवली आणि सांगितलं की विमानतळ झाला की भाव येईल, तेव्हा विकून मीही येतो. तो अजून तिथंच आहे. मध्यंतरी त्यानं मला फोटो पाठवले आणि विचारलं की आपल्या लोकांत कुणी घेणारं आहे का. मी उत्तर दिलं नाही.

मेधा काही महिने सईकडं राहिली. सई गुणी पोर आहे, "मॉम, स्टे अ‍ॅज लाँग अ‍ॅज यू वाँट," म्हणायची, पण मॉम दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पांघरूण लपवून ठेवायची. शेवटी तिनं मला फोन केला की ताई, मिशिगनमध्येच बघा काहीतरी. आता ती एका डे-केअरमध्ये दुसऱ्यांची पोरं सांभाळते. मंडळात भेटल्यावर लोक विचारतात, बालीचं घर कसं आहे, कधी बोलावताय? ती म्हणते, छान आहे. तुमच्यापैकी ज्यांनी तिला हे विचारलं असेल, त्यांनी पुन्हा विचारू नये म्हणून हा लेख तिच्या परवानगीनं लिहिते आहे.

ट्रॉयमध्ये मी तिला एका खोलीचं अपार्टमेंट दाखवलं. विकण्याच्या धंद्यात मी इतकी वर्षं घालवली, भाड्याच्या जागा दाखवणं मला नवीनच. खिडकी पार्किंगकडं उघडणारी, कार्पेट जुनाट. मेधानं एकदा नळ सोडून बघितला आणि म्हणाली, चालेल. खाली ऑफिसात एक तरुण मुलगी बसली होती, तिनं विचारलं की लीजवर आणखी कुणाचं नाव असणार आहे का. मेधा म्हणाली, "नो. ओन्ली मी." जन्मात पहिल्यांदा एक जागा फक्त तिच्या नावावर होणार होती. तिची मान ताठ होती.

मुलीनं स्क्रीन तिच्याकडं वळवला. पहिलं नाव मेधानं भरलं आणि मधल्या नावापाशी थांबली. हे भरायलाच हवं का, असं तिनं विचारलं. ड्रायव्हिंग लायसन्सवर असेल तसंच लागेल, मुलगी म्हणाली. मेधानं माझ्याकडं बघितलं. ह्या कामात मला काहीतरी पळवाट माहीत असेल, असं तिला वाटलं असावं.

"तसंच लागतं गं," मी म्हटलं.

मेधानं चष्मा सारखा केला आणि एकेक अक्षर शोधून अविनाशचं नाव भरलं. मग सही केली.